सिलिकोनला विजेची कल्हई

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्याकडे कुणाला शाळेत शिकवावे लागले नाही. पण म्हणून पातेले कुणी टाकूनही दिले नाही. कल्हईवाला यायचा, झाडाखाली भट्टी मांडायचा, भाता चालवायचा. भांडे तापले की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतल्या अंगावर सारखे पसरायचे, एवढे त्याचे काम. भांडे तेच, वजन तेच, आकारही तोच. बदलली ती फक्त आतल्या बाजूची एक पातळ कातडी. पण तेवढ्याने ताकाचा आणि पितळेचा संबंध तुटला. वस्तूचे बळ तिच्या अंगात असते खरे. पण दुसऱ्याशी तिची गाठ पडते ती कातडीने.

आजचा विषय ह्या कल्हईच्याच जातीचा आहे. पातेल्याच्या जागी सिलिकोन नावाचे रबरासारखे एक द्रव्य आहे. ताकाच्या जागी माणसाचे रक्त, अश्रू आणि मेंदूभोवतीचे पाणी आहे. आणि कल्हईवाल्याच्या भट्टीच्या जागी वीज आहे. विजेच्या ह्या कल्हईला शास्त्रज्ञ प्लाझ्मा-प्रक्रिया म्हणतात. ती का करावी लागते, कशी करतात आणि ती टिकते का, हे तीन प्रश्न आपण क्रमाने घेऊ. त्यांत तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. कारण पातेल्याची कल्हई उडाली तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येते. लहान मुलाच्या डोक्यात बसवलेल्या नळीची उडाली, तर कल्हईवाल्याला आत कसे पाठवणार?

प्रथम सिलिकोनची ओळख करून घेऊ. सिलिकॉन आणि सिलिकोन ही नावे सारखी दिसतात, पण वस्तू दोन आहेत. सिलिकॉन हे मूलद्रव्य. आपल्या भीमेच्या पात्रातल्या वाळूत ते प्राणवायूशी बांधलेल्या रूपात भरपूर आहे. सिलिकोन हा मात्र माणसाने बनवलेला पदार्थ. सिलिकॉनचा एक अणू, मग प्राणवायूचा एक, पुन्हा सिलिकॉनचा, पुन्हा प्राणवायूचा, अशी ती लांबच लांब साखळी असते. प्रत्येक सिलिकॉनच्या दोन बाजूंना मेथिल नावाचे दोन छोटे अणुगट लटकलेले असतात. साखळीचा कणा वाळूच्या आणि काचेच्या कुळातला, आणि तिचे बाहेरचे पांघरूण मेणाच्या आणि रॉकेलच्या कुळातले. ही दुहेरी घडण ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा तिच्यातूनच निघते.

इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्या पदार्थांवर सुमारे चाळीस वर्षे काम केले. सिलिकोन हे नावही त्यांचेच. तरी ह्या विद्याशाखेत लवकर काही मोठी प्रगती होईल अशी आशा त्यांना स्वतःला वाटत नव्हती, आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात त्यांनी तसे सांगूनही टाकले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९४३ साली, अमेरिकेत केवळ सिलिकोन बनवण्यासाठी डाऊ कॉर्निंग नावाची कंपनी उभी राहिली. शास्त्रात भविष्य वर्तवणे किती जोखमीचे आहे, ते ह्यावरून दिसते.

वैद्यकाला हा पदार्थ आवडला त्याची कारणे सरळ आहेत. तो मऊ असतो आणि मऊच राहतो. बर्फाच्या थंडीत कडक होत नाही, उकळत्या पाण्यात वितळत नाही. निर्जंतुक करण्यासाठी १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत ठेवला तरी बिघडत नाही. शरीरातल्या रसांनी तो सहसा कुजत नाही, झिजत नाही. शिवाय प्राणवायू त्याच्यातून सहज आरपार जातो. असा गुणी पदार्थ हाती आल्यावर शस्त्रवैद्य तो सोडतील कशाला?

ह्याची एक हकीगत सांगण्याजोगी आहे. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. प्रौढ माणसात तो रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. काही बाळांमध्ये ही वाट जन्मतःच किंवा एखाद्या आजारानंतर तुंबते. द्रव साचतो, बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात म्हणून डोके फुगत जाते आणि मेंदू दाबला जातो. आपण त्याला डोक्यात पाणी होणे म्हणतो. डॉक्टर हायड्रोसेफॅलस म्हणतात. बाळाचे डोके झपाट्याने वाढू लागले, टाळू फुगलेली राहिली, डोळे खाली वळल्यासारखे दिसू लागले, तर बाहेरची बाधा समजून दिवस घालवू नयेत, लगेच डॉक्टरांना दाखवावे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ह्या रोगात गेलेला दिवस परत येत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे एक बारीक नळी घालून साचलेला द्रव दुसरीकडे काढून देणे. ह्या नळीला शंट म्हणतात. द्रव एकाच दिशेने जावा आणि बेताने जावा म्हणून तिच्यात झडप लागते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जॉन होल्टर नावाचा एक कारागीर कुलुपे बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्याच्या मुलाला हाच विकार झाला. तेथील शस्त्रवैद्य यूजीन स्पिट्झ यांच्याकडून नेमकी अडचण काय आहे ते समजून घेऊन त्याने घरीच झडप बनवायला घेतली. कोणता पदार्थ शरीरात टिकेल ह्याचा शोध घेता घेता तो सिलिकोन रबरापाशी आला, आणि १९५६ साली त्याची झडप रुग्णांमध्ये बसवली जाऊ लागली. त्याचा स्वतःचा मुलगा लहानपणीच गेला. पण त्या झडपेने आणि तिच्या धर्तीवर पुढे निघालेल्या झडपांनी जगभर असंख्य मुलांचे प्राण वाचवले.

मग अडचण कुठे आली? नळी कुजली नाही, तुटली नाही, पण काही मुलांमध्ये ती जंतूंचे घर बनली. आपल्या कातडीवर एरवी निमूटपणे राहणारे जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी नळीवर बसत आणि मग औषधांनाही दाद देत नसत. इंग्लंडात रॉजर बेस्टन आणि त्यांचे सहकारी पेनी यांनी १९७२ साली दाखवून दिले, की होल्टरच्या शंटवर बसणारे काही जंतू स्वतःभोवती भरपूर चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतात आणि त्याच्या आसऱ्याने राहतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळे धरते ना, तसेच. वरून पाणी वाहून जाते, शेवाळे जागचे हलत नाही. मग नळी काढा, काही दिवस जंतुनाशक औषधे द्या, पुन्हा नवी नळी घाला. तान्ह्या मुलावर पुन्हा शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे आईबापांना विचारावे. सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या आमच्या मंद्रूपसारख्या गावाहून मूल मोठ्या शहरात न्यायचे, मुक्काम करायचा, शेतातली कामे टाकायची. हे एकदा निभते, तीनदा निभत नाही.

म्हणजे दोष सिलिकोनच्या अंगात नाही, कातडीत आहे. तो कोणता, ते आता पाहू.

अळवाच्या पानावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळते. क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचे पाणी म्हणतो ते ह्यामुळेच. पाण्याचा थेंब पृष्ठभागावर जिथे टेकतो तिथे थेंबाच्या आतून जो कोन होतो, तो मोजून पृष्ठभागाला पाणी आवडते की नाही हे सांगता येते. अगदी स्वच्छ काचेवर थेंब सपाट पसरतो आणि कोन शून्याच्या आसपास येतो. अळवाच्या पानावर तो दीडशे अंशांच्या पुढे जातो. सिलिकोन रबरावर तो सुमारे ११० अंश असतो. म्हणजे सिलिकोनला पाणी नको आहे, कारण त्याच्या अंगावर मेणाच्या कुळातले ते मेथिलचे पांघरूण आहे.

आता पाणी नको असलेली वस्तू पाणीदार शरीरात गेली की काय होते? रक्तात आणि इतर रसांत प्रथिने असतात. प्रथिनांच्या रेणूलाही काही भाग पाण्याला विटलेले असतात, आणि ते त्याने घडी घालून आत लपवलेले असतात. असा रेणू सिलिकोनला भेटला की त्याची घडी उलगडते आणि तो तिथे घट्ट चिकटतो. हे घडायला काही मिनिटेही पुरतात. मग त्या प्रथिनांच्या थरावर रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी किंवा जंतू येऊन बसतात. डॉक्टर नळी बसवतात ती सिलिकोनची. पण शरीराला ती दिसते प्रथिनांच्या ह्या विस्कटलेल्या थराची. पाण्याला मानवणारी कातडी करता आली, तर ही पहिली पायरीच पुष्कळशी टळेल, असा विचार शास्त्रज्ञांनी केला.

पण करायचे कसे? रसायनात बुडवले तर रसायन आत मुरते. तापवले तर नळीचे अंगच बदलते. बदल हवा फक्त कातडीत. इथे प्लाझ्मा कामाला आला.

ह्या शब्दाने घोटाळा होण्याचा संभव आहे. रक्तातल्या पिवळसर पाण्यालाही प्लाझ्मा म्हणतात. त्याचा इथे संबंध नाही. वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि इलेक्ट्रॉन, विद्युत्भारित अणू, मोडके रेणू व प्रकाश यांचे एक प्रक्षुब्ध मिश्रण तयार होते. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ साली काचेच्या नळीत ह्याचा अभ्यास करून ही पदार्थाची चौथी अवस्था आहे असे म्हटले. तापमानानुसार अणूंमधले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात ह्याचे समीकरण १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी दिले. ताऱ्यांचा प्रकाश वाचायला ते आजही लागते. प्लाझ्मा हे नाव आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले.

प्लाझ्मा दोन तऱ्हांचा असतो. आकाशातली वीज हा भाजून काढणारा प्लाझ्मा. घरातली ट्यूबलाइट हाही प्लाझ्माच, पण तिला हात लावला तर जेमतेम कोमट लागते. कारण नळीतला वायू अतिशय विरळ असतो. हलके इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावतात. त्यांचे तापमान काढले तर दहा हजार अंशांच्या वर भरेल. पण जड अणूंना ते फारशी उष्णता देऊ शकत नाहीत. सुसाट माशा बैलांच्या कळपात शिरल्या तर माशा धावतात, बैल जागचे हलत नाहीत, तसे हे समजा. सिलिकोनसाठी वापरतात तो हाच थंड प्लाझ्मा.

कृती अशी. एक झाकणबंद पेटी असते. तिच्यात सिलिकोनची वस्तू ठेवतात. पंपाने हवा काढून घेतात, इतकी की आतला दाब बाहेरच्या हवेच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. मग थोडासा प्राणवायू सोडतात आणि उच्च वारंवारतेची वीज चालू करतात. ही वारंवारता बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झ असते. उद्योगधंद्यांसाठी तेवढी जागा राखून ठेवलेली आहे, म्हणजे आपल्या रेडिओच्या कार्यक्रमात खरखर होत नाही! पेटीत मंद उजेड पडतो. काही सेकंद ते काही मिनिटे एवढ्या वेळात काम आटोपते.

तेवढ्या वेळात आत काय घडते? प्राणवायूचे मोडके, खवळलेले अणू आणि अतिनील किरण सिलिकोनच्या पृष्ठभागावर आदळतात. मेथिलचे मेणचट गट उडून जातात आणि त्यांच्या जागी प्राणवायू-हायड्रोजनच्या जोड्या बसतात. ह्या जोड्यांना पाण्याची ओढ असते. साखळीचा कणा वाळूच्या कुळातला होता, आठवते ना? पांघरूण निघून गेल्यावर तोच उघडा पडतो आणि प्राणवायूशी आणखी जखडला जाऊन वर काचेसारखा एक थर तयार होतो. हा थर काही नॅनोमीटरपासून फार तर शंभर-दीडशे नॅनोमीटर जाडीचा. आपला एक केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो, ह्यावरून कल्पना करा. पेटीतून काढल्याबरोबर त्यावर थेंब टाकला तर ११० अंशांचा कोन दहाच्या आसपास किंवा त्याखालीच येतो. अळवाच्या पानाची काच झाली म्हणा ना.

कल्हईच्या उपमेची मर्यादा इथे सांगितली पाहिजे. कल्हईत कथील बाहेरून आणून लावतात. प्लाझ्मात, निदान ह्या साध्या प्रकारात, बाहेरचे लावलेले असे फार थोडे असते. सिलिकोनच्याच कातडीचे रूपांतर होते. म्हणून तो थर लेपासारखा अलग होऊन पडत नाही. पण म्हणून तो कायमचा असतो काय? नाही.

प्रक्रिया केलेला तुकडा हवेत ठेवून द्या. काही तासांतच थेंब पुन्हा गोळा होऊ लागतो आणि काही दिवसांत सिलिकोन बव्हंशी आपल्या मूळ स्वभावावर जातो. सिलिकोनमध्ये काही आखूड, जाळ्यात न गुंतलेल्या साखळ्या तेलासारख्या हिंडत असतात. त्या हळूहळू वर येतात आणि पृष्ठभागावर पुन्हा मेथिलचे पांघरूण घालतात. शिवाय वरच्या साखळ्याही कूस बदलतात. वरचा काचेसारखा थर ठिसूळ, खालचे रबर मऊ. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात तशा त्या थराला बारीक भेगा पडतात, आणि भेगांतून तेल वर यायला वाटच मिळते. म्हणून प्रक्रिया जास्त वेळ केली की जास्त टिकते, हाही भ्रमच. प्रमाणाबाहेर केली तर थर अधिक तडकतो आणि सिलिकोन उलट लवकर मूळपदावर येतो. कल्हईवालाही भांडे जास्त तापवत नाही. तेच तारतम्य इथेही लागते.

मग ह्यावर इलाज काय? चार तऱ्हेचे इलाज निघाले. एक, वस्तू पाण्यात ठेवायची. समोर पाणी असले की पाण्याची ओढ असलेल्या जोड्या वरच राहतात आणि पालट मंदावतो. दुसरा, आतल्या आखूड साखळ्या आधीच योग्य द्रवात भिजवून काढून टाकायच्या. तिसरा इलाज अधिक मुळाशी जाणारा आहे. प्लाझ्माने तयार केलेल्या ताज्या जोड्या म्हणजे जणू भिंतीत मारलेल्या खुंट्या. त्या ताज्या आहेत तोवरच त्यांना दुसरे काहीतरी अडकवायचे, रासायनिक बंधाने, निसटणार नाही असे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचे पाणी धरून ठेवणारे लांब रेणू अडकवले, तर ते नदीकाठच्या लव्हाळ्यासारखे पाण्यात डोलत राहतात आणि प्रथिनांना जवळ येऊ देत नाहीत. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन अडकवता येते. आणि जिथे उलट पेशी चिकटायलाच हव्या असतात, तिथे कोलॅजन अडकवता येते. म्हणजे प्लाझ्मा हे औषध नव्हे, ती औषध टांगायची खुंटी आहे. चौथा इलाज असा की पेटीत प्राणवायूऐवजी दुसरी योग्य बाष्पे सोडायची आणि प्लाझ्मातच त्यांचा एक अखंड पातळ पापुद्रा वस्तूवर जमवायचा. ही मात्र कल्हईची खरी बहीण.

ह्या साऱ्याला ठोस यश मिळाले ते डोळ्यात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. डोळ्यात बसवायचे मऊ भिंग प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी १९६१ साली मुलांच्या खेळण्यातल्या सांगाड्यांचे यंत्र जोडून तयार केले. ते पाणी शोषणाऱ्या द्रव्याचे होते, त्यामुळे डोळ्याला सुखद. पण त्यातून प्राणवायू बेताचाच जाई. सिलिकोनमधून प्राणवायू भरपूर जातो, पण निव्वळ सिलिकोन रबराचे भिंग अश्रूंनी भिजत नसे आणि डोळ्याला चिकटून बसे. १९९९ च्या सुमारास ह्या दोन द्रव्यांचा संगम केलेली भिंगे बाजारात आली. त्यांच्या सुरुवातीच्या दोन जातींना प्लाझ्माचा आधार होता. सिबा व्हिजन कंपनीने भिंगावर प्लाझ्माने सुमारे २५ नॅनोमीटरचा अखंड पापुद्रा चढवला. बॉश अँड लाँब कंपनीने प्लाझ्माने पृष्ठभागावर काचेसारखी बारीक बेटे तयार केली. तीच अडचण, तेच हत्यार, पण वाटा दोन. पुढे काही कंपन्यांनी भिंगाच्या आतच पाणी धरणारे द्रव्य मिसळून प्लाझ्मावाचून काम भागवले, हेही सांगायला हवे. शास्त्रात एका हत्याराची पूजा करून चालत नाही.

दुसरे यश प्रयोगशाळेतले. प्लाझ्मातून काढलेले सिलिकोन आणि काच एकमेकांवर ठेवले की दोघांच्या खुंट्या एकमेकींत गुंततात आणि डिंकाशिवाय कायमचा सांधा बसतो. १९९८ पासून अमेरिकेतल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने ही रीत पुढे आणली. तिच्यामुळे सिलिकोनमध्ये केसाएवढे पाट कोरून त्यातून रक्ताचा एखादा थेंब नेण्याची आणि त्याची तपासणी करण्याची साधने स्वस्तात बनू लागली.

आता शंटकडे परत येऊ, कारण प्रश्न तिथून निघाला होता. पाण्याला मानवणाऱ्या कातडीवर जंतू कमी बसतात, असे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसून आले आहे. पण प्रयोगशाळेतली बशी आणि मुलाचे डोके ह्यांत अंतर आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १६०५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. साधा सिलिकोन शंट, चांदी घातलेला शंट आणि सिलिकोनच्या अंगातच जंतुनाशक औषध मुरवलेला शंट, असे तीन प्रकार ताडून पाहिले. जंतुसंसर्ग साध्यात सुमारे ६ टक्के, चांदीच्यातही ६ टक्के आणि औषधाच्यात २ टक्के झाला. ही औषध मुरवण्याची रीत ज्यांनी काढली ते रॉजर बेस्टनच, १९७२ साली त्या चिकट पदार्थाचा माग काढणारे. चांदीची कीर्ती मोठी, पण इथे ती उपयोगी पडली नाही. प्लाझ्माने कातडी बदललेल्या शंटलाही हीच परीक्षा द्यावी लागेल, आणि ती दिल्यावाचून त्याचा गाजावाजा करणे बरोबर नव्हे.

आपल्या देशात ह्या बाबतीत काय आहे? प्लाझ्माची विद्या आपल्याला परकी नाही. गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था १९८६ साली स्वतंत्र झाली. तिने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेबरोबर अंगोरा सशाच्या लोकरीसाठी प्लाझ्मायंत्र तयार केले. ती लोकर इतकी गुळगुळीत असते, की सूत कातताना धागा धागा निसटतो. प्लाझ्माने तिला जरा खरखरीतपणा आला आणि ती कातता येऊ लागली. मुंबईत माटुंग्याला, १९३३ साली विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालेल्या आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत प्लाझ्माने पॉलिमरांचे पृष्ठभाग बदलण्यावर संशोधन झाले आहे. मुंबईच्याच बाँबे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनच्या संशोधकांनी सुती कापडावर प्लाझ्मा वापरून पाहिला आहे. सोलापूरकरांना ह्याचे मर्म चटकन कळावे. आपला नवा कोरा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही, दोन-चार धुण्यांनंतर टिपू लागतो. कापूस तोच, वीण तीच. धुण्याने फक्त धाग्याची कातडी मोकळी केली. सोलापूरच्या मागावरचे सूत आणि शस्त्रवैद्याच्या हातातली नळी, दोन्हींचा प्रश्न मुळात एकच आहे.

शंटही आपल्याकडे बनतात. लखनौचे मेंदू-शस्त्रवैद्य डॉ. छाबरा यांच्या नावाचा शंट उत्तर प्रदेशात शाहजहानपूर येथे तयार होत आला आहे. परदेशी शंटच्या मानाने तो कितीतरी पटींनी स्वस्त. युगांडामध्ये १९५ मुलांवर तो आणि एक महागडा अमेरिकी शंट ताडून पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका वर्षाअखेर दोघांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही गोष्ट अभिमानाची तर आहेच, पण तिच्यातून एक कसोटीही मिळते. नळीवर जी काही कल्हई चढवायची, ती चढवल्यावर नळी गरिबाच्या आवाक्यात राहिली पाहिजे. प्लाझ्मा-प्रक्रियेला द्रव्य थोडे लागते, सांडपाणी जवळपास नसते, वेळही मिनिटांचा. ह्या तिन्ही गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. निर्वात पेटी, पंप आणि वीजयंत्र यांची किंमत तेवढी विरुद्ध बाजूची. पण एका पेटीत एका वेळी पुष्कळ नळ्या बसतात, हे विसरू नये.

असल्या शोधांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. अमक्या संस्थेने जंतू न चिकटणारी नळी बनवली, तमक्यांनी रक्त न गोठणारा पृष्ठभाग तयार केला. अशी बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी, आणि खरे म्हणजे प्रत्येकानेच, तीन प्रश्न मनात ठेवावेत. थेंबाचा कोन कधी मोजला, प्रक्रियेनंतर लगेच की सहा महिन्यांनी? चाचणी पाण्यात झाली, की रक्तात आणि मेंदूच्या द्रवात? आणि ती बशीतच थांबली, की रुग्णांपर्यंत पोचली? पहिल्या दिवशी सगळीच कल्हई चकाकते. तान्ह्या मुलाच्या डोक्यात बसवायची नळी त्याच्याबरोबर शाळेत जाणार आहे, पळणार आहे, मोठी होणार आहे. तिची कातडी तेवढे दिवस टिकली पाहिजे. ती टिकवण्याचे काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते आपल्याकडच्या तरुणांनी हाती घेण्यासारखे आहे.